व्हिस्क, व्हिस्कर आणि व्हिस्की: शेजारी कोण, सख्खे कोण?

एका अनुवादिकेने विचारलेला प्रश्न असा. एका इंग्रज घराण्याची तीन पिढ्यांची कागदपत्रं त्या मराठीत आणत आहेत. काळ साधारण १६८० ते १८१०. पाच ठिकाणी गाडं अडलं आहे. कपड्यांच्या यादीत ‘दोन व्हिस्क’ आहेत. एका पत्रात सबंध संध्याकाळ ‘व्हिस्क’मध्ये गेली असं लिहिलं आहे. ‘व्हिस्कर्स’ आजोबांनाही आहेत आणि नातवालाही. एक पाहुणा ‘व्हिस्कीतून’ आला आहे. आणि आजारी बाईला ‘अस्क्विबॉ’ पाजलं आहे. त्यांनी जुना वेबस्टर हा इंग्रजी शब्दकोश उघडला, तर अस्क्विबॉ सोडून बाकीचे शब्द एकाखाली एक उभे. हे सगळे एकाच मुळाचे का, आणि मराठीत लिहायचं काय, हे त्यांना हवं आहे.

आधी थोडक्यात सांगतो. व्हिस्क आणि व्हिस्कर सख्खे आहेत. पत्त्यांचा खेळ आणि ती गाडीही बहुधा त्यांच्याच घरातली. प्यायची व्हिस्की मात्र या घरातली नाही. ती अक्षरांच्या योगायोगाने शेजारी राहायला आली. तिचं खरं गोत आपल्या ‘उदक’ आणि ‘जीव’ या शब्दांशी जुळतं. आता सविस्तर.

गेली तीस वर्षं मी इंग्रजी-मराठी कोशाचं आणि अनुवादाचं काम करतो आहे. एखादं शब्दकुटुंब समजून घ्यायचं तर त्यातली सगळ्यात जुनी वस्तू हातात धरून पाहावी, असा माझा अनुभव आहे. इथे ती वस्तू म्हणजे जुडी. गवताची, काटक्यांची किंवा केसांची, एका टोकाला बांधलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. जुन्या नॉर्स भाषेत ‘विस्क’ म्हणजे अशीच जुडी. जर्मनमध्ये ‘विशेन’ म्हणजे पुसणं, ते याच कुळातलं. ही जुडी हातात घेऊन माणूस काय करणार? झाडणार, झटकणार, ढवळणार. म्हणून नामाबरोबर क्रियापदही आलं: हलक्या हाताने, चटकन, एका झपाट्यात हलवणं. त्या मूळ शब्दात ‘एच’ नव्हता. तो इंग्रजांनी मागाहून घातला, कारण त्यांच्याकडे झपाट्याचे बरेच शब्द डब्ल्यू-एचने सुरू होत होते. चाबकाचा ‘व्हिप’ आणि गरगर फिरण्याचा ‘व्हर्ल’ हे त्यातलेच. शेजाऱ्यांचं पाहून शब्दाने आपला पेहराव बदलला.

आता मला फार आवडणारी गोष्ट. संस्कृतात ‘कूर्च’ शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ दर्भाची किंवा गवताची जुडी. दुसरा अर्थ झाडायचा, पुसायचा ब्रश. आणि तिसरा अर्थ दाढी! आपला ‘कुंचा’ आणि ‘कुंचला’ त्याच कूर्चाचे वंशज. म्हणजे जुडीपासून कुंचा आणि कुंचावरून चेहऱ्यावरचे केस, हा प्रवास इंग्रजीने केला तसाच संस्कृतानेही केला. दोघांची मुळं वेगळी, एकाने दुसऱ्याचं पाहिलेलं नाही. पण केसांचा झुबका पाहून दोन्हीकडच्या माणसांना तीच वस्तू आठवली. ‘व्हिस्क’वरून ‘व्हिस्कर’ कसा झाला हे मराठी विद्यार्थ्याला समजावताना मी इंग्रजी व्युत्पत्तीने सुरुवात करत नाही, कुंचल्यापासून करतो. लगेच लक्षात येतं.

स्वयंपाकघरातला व्हिस्कही आधी जुडीच होता. आज आपण तारांची फुगीर वस्तू पाहतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या पाककृतीत व्हिस्क म्हटलं की साल काढलेल्या बारीक काटक्यांची जुडी समजायची. बर्चच्या काटक्या त्यासाठी नेहमीच्या. तारांचा व्हिस्क रुळला तो एकोणिसाव्या शतकात. तेव्हा केर झाडायचा व्हिस्क आणि अंडी फेटायचा व्हिस्क हे दोन वेगळे अर्थ वाटत असले तरी मुळात ती एकाच घडणीची वस्तू आहे, एक हाताएवढी आणि दुसरी बोटाएवढी. १६९० च्या मजकुरातल्या स्वयंपाकिणीच्या हातात तुम्ही तारांचं यंत्र दिलंत, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे चुकीचं चित्र उभं राहील.

क्रियापद मराठीत आणताना मात्र एका शब्दावर भागत नाही, आणि भागवूही नये. इंग्रजी हाताची हालचाल पाहते. मराठी काय हलतंय आणि कशासाठी, ते पाहते. ताक घुसळायचं, तिथे रवी फिरते आणि लोणी वर येतं. अंडी फेटायची, कारण आत हवा भरायची असते. वरण घोटायचं, कारण दाणा मोडून एकजीव करायचा असतो. मोहरी फेसायची, तिचा झणका नाकापर्यंत यावा म्हणून. घोडा शेपूट झटकतो. देवावर आणि राजावर चवरी ढाळतात. ताटावरच्या माश्या वारतात. इंग्रजीत यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘व्हिस्क’ चालून जाईल. भाषांतरित पाककृतींमध्ये ‘दही घुसळून घ्या’ असं दिसतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. कढीसाठी दही फेटायचं असतं. घुसळलं तर लोणी सुटेल. ही केवळ शब्दाची चूक नाही, त्याने पदार्थ बिघडतो.

तीच गोष्ट माश्या वारायच्या व्हिस्कची. कोशात ‘चवरी’ सापडते म्हणून तबेल्यातल्या पोऱ्याच्या हातात चवरी देऊ नका. चवरी म्हटलं की वनगाईच्या शेपटीचे पांढरे केस, चांदीची मूठ आणि समोर देव्हारा किंवा सिंहासन. मोरचेलाचंही तेच. पोऱ्याच्या हातात ‘माश्या वारायचा कुंचा’ पुरे.

तुमच्या यादीतले ‘दोन व्हिस्क’ बहुधा यांपैकी काहीच नाहीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका गळ्याभोवती आणि खांद्यांवर एक रुंद पसरट कॉलर घेत, कधी साध्या तलम कापडाची, कधी लेसची. तिलाही व्हिस्क म्हणत. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात या शब्दाखाली छोटा ब्रश आहे आणि स्त्रियांच्या पोशाखातला भागही आहे. तेव्हा यादीत त्या ओळीच्या वर-खाली काय आहे ते बघा. हातमोजे, लेस, रुमाल असतील तर ‘खांद्यांवर घ्यायच्या दोन रुंद कॉलरी’ असं लिहा. तुमची यादी कपड्यांचीच आहे, म्हणजे मला फारशी शंका नाही. जुन्या याद्या वाचताना कोशापेक्षा शेजारची ओळ जास्त मदत करते. जुन्या वेबस्टरात याच शब्दाखाली पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा एक रंधाही आहे. उद्या कुणा पिंपवाल्याची यादी हाती आली तर तो आठवावा लागेल.

आता व्हिस्कर. इथे अनुवादक हमखास फसतात, कारण शब्द ओळखीचा वाटतो.

व्हिस्कर म्हणजे आधी ‘झटकणारा, झाडणारा’, माणूस किंवा वस्तू. १६०० च्या आसपास कुणीतरी गमतीने चेहऱ्यावरच्या केसांना तो लावला आणि चिकटला. पण चेहऱ्यावर कुठे? सुरुवातीला वरच्या ओठावर. म्हणजे सरळ मिशा. मांजराच्या मिशांना हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र तो हळूहळू ओठावरून गालावर सरकला. १९१३ च्या वेबस्टरमध्ये ओठावरचा अर्थ ‘पूर्वी’ असं म्हणून दिला आहे, आणि गालांवर, हनुवटीवर किंवा दोन्हीकडे वाढणारी दाढी हा पुढचा अर्थ आहे. यात ओठाची जागा ‘मुस्टाश’ या आयात शब्दाने घेतली. एक भाडेकरू आला, जुना पुढच्या खोलीत गेला.

म्हणून तुमच्या आजोबांच्या आणि नातवाच्या व्हिस्कर्सना मराठीत एकच शब्द देऊ नका. वर्णन १६८० किंवा ९० चं असेल तर ‘मिशा’. १८०० नंतरचं असेल तर ‘कल्ले’ किंवा ‘गलमिशा’. माझं मन ‘कल्ले’कडे जास्त झुकतं, तो बोलण्यातला शब्द आहे. माशाच्या श्वसनेंद्रियांनाही आपण कल्लेच म्हणतो, पण ‘कानाजवळून उतरलेले दाट कल्ले’ असं लिहिलंत की घोटाळा राहत नाही. ‘गलमिशा’ किंचित पुस्तकी आहे, पण केस ओठाच्या कोपऱ्यापासून गालावर पसरलेले असतील तर तोच शब्द नेमका बसतो. ‘साइडबर्न’ मात्र तुमच्या मजकुरात नको. तो शब्द अमेरिकन यादवी युद्धातल्या ॲम्ब्रोज बर्नसाइड या सेनापतीच्या नावावरून निघाला. आधी ‘बर्नसाइड्स’, मग नावाचे दोन तुकडे उलटे होऊन ‘साइडबर्न्स’. १८१० च्या माणसाच्या गालावर तो शब्द येऊ शकत नाही.

याच पानावर ‘व्हिस्करँडोड’ असा भरघोस शब्द मिळेल, म्हणजे झुपकेदार मिशा किंवा कल्ले राखलेला. तो शेरिडनच्या १७७९ च्या ‘द क्रिटिक’ या नाटकातल्या डॉन फेरोलो व्हिस्करँडोस या पात्राच्या नावावरून आला. रंगभूमीवरचं पात्र कोशात जाऊन बसलं. आपल्याकडे ‘तळीराम’ असाच बोलण्यात रुळला.

व्हिस्करची पुढची कथा तुमच्या कामाची नाही, पण राहवत नाही म्हणून सांगतो. जहाजाच्या पुढे निघालेल्या डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना दोर ताणून धरायला लोखंडी दांड्या असत, त्यांनाही खलाशी व्हिस्कर म्हणत. मांजराच्या तोंडाकडे समोरून पाहा, मग नाव का पडलं ते कळतं. पुढे रेडिओच्या आरंभीच्या काळात गॅलेना स्फटिकावर एक बारीक तार हलकेच टेकवून संदेश पकडत. त्या तारेचं नाव ‘कॅट्स व्हिस्कर’. गॅलेना वापरून लहरी ओळखण्याच्या साधनाचं अमेरिकन पेटंट १९०४ साली जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं. मांजराची मिशी आणि बोसांचं संशोधन एका शब्दाजवळ येतात, हे कोशाचं काम करताना मिळणारं सुख आहे.

पत्त्यांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. सतराव्या शतकात त्या खेळाचं नाव ‘व्हिस्क’च होतं. जिंकलेल्या हाताची पानं टेबलावरून झटक्यात गोळा करायची, त्यावरून ते पडलं असावं असं मानतात. पुढे ‘व्हिस्ट’ झालं. ‘व्हिस्ट’ हा गप्प बसवण्याचाही उद्गार होता, आणि जॉन्सनने या खेळाची व्याख्या करताना लक्ष आणि शांतता लागणारा खेळ असंच म्हटलं. १७४२ साली एडमंड हॉइलने व्हिस्टवर पुस्तिका काढली, त्यानंतर त्याच नावाने खेळाचा बोलबाला झाला. चार भिडू, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पानं, एक हुकूम. मेंढीकोट खेळणाऱ्या मराठी वाचकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. पत्रात ‘व्हिस्क’ आहे तर ‘व्हिस्क’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पत्त्यांचा’ हा शब्द जोडा. ‘संध्याकाळभर पत्त्यांचा व्हिस्क रंगला होता.’ त्याचं व्हिस्ट करू नका. त्या घरात जुनं नाव किती साली चालू होतं, हा तुमच्या कागदांमधला पुरावा आहे. तो पुसला जाऊ नये.

आता पाहुणा. ‘व्हिस्कीतून’ आला म्हणजे तो प्यायलेला नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका घोड्याची, दोन चाकांची, हलकी गाडी निघाली. ती सर्रकन निघून जाई म्हणून व्हिस्की, कधी ‘टिम-व्हिस्की’. हा शब्द ‘व्हिस्क’चाच. एकदा तपासायला आलेल्या हस्तलिखितात याच शब्दामुळे एक सज्जन गृहस्थ भरदुपारी झिंगत दारात आलेला मी पाहिला होता. अनुवाद करणारा मुलगा हुशार होता, पण त्याने कोशातला पहिला अर्थ घेतला आणि पुढच्या वाक्यात घोडा सोडल्याचा उल्लेख होता तिकडे दुर्लक्ष केलं. तुम्ही ‘हलकी दोनचाकी बग्गी’ लिहा. टांगा नको. टांगा म्हटलं की मराठी वाचक थेट पुण्याच्या स्टेशनाबाहेर जाऊन उभा राहतो.

आणि अखेर अस्क्विबॉ. यावर मला थोडं थांबायचं आहे.

मध्ययुगात ऊर्ध्वपातन करून काढलेल्या मद्याला लॅटिनमध्ये ‘ॲक्वा व्हिटे’ म्हणत, जीवनाचं पाणी. ते औषध म्हणून पाहिलं जाई. लोक ते आपापल्या भाषेत घेत गेले. फ्रेंचांनी ‘ओ द व्ही’ केलं. गेलिक बोलणाऱ्या आयरिश आणि स्कॉट लोकांनी शब्दशः ‘उश्क्ये बेहा’ केलं. उश्क्ये म्हणजे पाणी, बेहा म्हणजे जीवन. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्याच्या नोंदवहीत १४९४ साली जॉन कॉर या भिक्षूला ॲक्वा व्हिटे करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. बोल हे तिथलं धान्याचं माप. ती नोंद लॅटिनमध्ये आहे, म्हणून व्हिस्की हा शब्द तिथे नाही. इंग्रजांच्या कानावर उश्क्ये बेहा पडलं तेव्हा त्यांनी ते अस्क्विबॉ असं काहीतरी लिहिलं. शेवटचा भाग गळाला, अस्क्विचं व्हिस्की झालं. हे रूप १७१५ च्या सुमारास लिहिलेलं सापडतं. म्हणजे या व्हिस्कीतला ‘डब्ल्यू-एच’ गेलिक नाहीच, इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हाताची सवय आहे. अक्षरं तीच आली म्हणून ती व्हिस्क-व्हिस्करच्या शेजारी जाऊन बसली, आणि त्या गाडीशी तर नाव अक्षरन् अक्षर जुळलं.

आता ‘उश्क्ये’ कुणाचं नातेवाईक ते पाहा. पाणी या अर्थाचं जे अतिप्राचीन मूळ आहे, त्यातून संस्कृतचं ‘उदक’ आलं, ‘समुद्र’मधला ‘उद्र’ आला, इंग्रजीचं ‘वॉटर’ आलं, रशियन ‘वोदा’ आणि तिच्यावरून वोडका आली. पाण्यात राहणारा तो ‘उद्र’, म्हणजे पाणमांजर. मराठीतला जुना ‘ऊद’ तोच आणि इंग्रजी ‘ऑटर’ही तोच. आणि ‘बेहा’? ते ‘जीव’, ‘जीवित’ यांच्या मुळाचं. लॅटिन ‘व्हिटा’ त्याचंच. इंग्रजीत आज ‘चपळ’ या अर्थी वापरला जाणारा ‘क्विक’ पूर्वी ‘जिवंत’ या अर्थी होता, तोही याच घरातला. म्हणजे एडिंबरातल्या बाटलीवरचा शब्द उलगडला की आत आपलं उदक आणि आपला जीव निघतो. अमरकोशात पाण्याच्या नावांत ‘जीवन’ हे नावही आहे. आपल्या परंपरेने साध्या पाण्यालाच जीवन म्हटलं, त्यांनी भट्टीतून उतरलेल्या थेंबांना.

तरीही तुमच्या मजकुरात अस्क्विबॉचं ‘व्हिस्की’ करू नका, ही माझी आग्रहाची विनंती. जॉन्सनने १७५५ साली नोंद करताना हे सुगंधी द्रव्यं घालून ऊर्ध्वपातन केलेलं मिश्र मद्य असल्याचं सांगितलं. आयरिश प्रकार सौम्य आणि रुचकर, स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँडमधला जरा जहाल, आणि स्कॉट लोक अपभ्रंशाने त्याला व्हिस्की म्हणतात, असंही त्याने लिहिलं आहे. पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली आजची व्हिस्की ती नव्हे. आजारी बाईला दिलं ते औषधी पेय होतं. मराठीत मी ‘अस्क्विबॉ नावाचा मसालेदार अर्क’ असं लिहीन. ‘अर्क’ इथे चपखल बसतो. ओव्याचा अर्क घरोघरी पोटदुखीवर देतात, आणि गोव्यातल्या काजूच्या पहिल्या धारेचा हुर्राकही ‘अरक’ या अरबी शब्दाच्या कुळातलाच. औषध आणि मद्य यांच्यातली ती धूसर रेघ या एका शब्दात येते.

कॅनडातल्या राखाडी रंगाच्या एका पक्ष्यालाही ‘व्हिस्की जॅक’ म्हणतात. तो ना झपाट्याचा, ना मद्याचा. तिथल्या मूळनिवासी क्री लोकांच्या कथांमध्ये ‘विसाकेजाक’ हा खोडकर, रूप बदलणारा नायक आहे. इंग्रजांच्या कानांनी त्याचा व्हिस्की जॉन केला, मग जॅक. म्हणजे एका पानावर नॉर्स जुडी, गेलिक पाणी आणि क्री लोकांचा देवमाणूस, तिघांच्या अंगावर एकच सदरा.

जुना वेबस्टर वापरता आहात ते उत्तम, पण अर्थाशेजारचे छोटे संक्षेप वगळू नका. ‘ऑब्स’ म्हणजे छापलं तेव्हाच तो अर्थ मावळला होता. ‘प्रॉव्ह. इंग.’ म्हणजे तो गावाकडचा, प्रांतिक. ‘व्हिस्किन’ म्हणजे पसरट प्याला आणि ‘व्हिस्केट’ म्हणजे टोपली, हे दोन्ही प्रांतिक शब्द तिथे आहेत. तुमचं घराणं खेड्यातलं असेल तर ते पुढे भेटू शकतील. शिवाय मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश जवळ ठेवा. तो तुमच्या कागदांनंतरचा आहे, पण इंग्रजीचे तेव्हाचे अर्थ आणि त्या काळची मराठी त्यात समोरासमोर बसलेली आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आता इंटरनेटवर शोधता येते. मी रोज उघडतो.

एक माहिती मात्र तुमच्याकडून हवी आहे. ‘व्हिस्कीतून’ आलेल्या पाहुण्याच्या पत्रावर साल काय आहे? ते १७६० च्या बरंच आधीचं असेल, तर गाडीचा अर्थ धरण्यापूर्वी मला मूळ ओळ, तिच्या पुढच्या-मागच्या दोन ओळींसह, पाहावी लागेल.